भावना कळणं म्हणजे काय? एका कुत्र्याच्या खुनाच्या निमित्ताने

मागच्या वेळी आपण निवेदकाबद्दल बोललो होतो. गोष्ट सांगणाऱ्या माणसावर वाचकाने किती विश्वास ठेवायचा, तो काय लपवतो, वगैरे. आज एकच कादंबरी घेते. तिचा निवेदक काहीच लपवत नाही, त्याला ते जमतच नाही, आणि तरीही अर्धी गोष्ट त्याच्या नजरेतून निसटते. मार्क हॅडन यांची ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’. २००३ची. त्या वर्षीचं व्हिटब्रेड ‘बुक ऑफ द इयर’ तिला मिळालं. तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. शेवटही सांगणार आहे, तेव्हा आधीच माफ करा.

इंग्लंडमधलं स्विंडन हे गाव. ख्रिस्तोफर बून, वय पंधरा. मध्यरात्री बारा वाजून सात मिनिटांनी त्याला समोरच्या बाईंचा कुत्रा, वेलिंग्टन, हिरवळीवर मेलेला दिसतो. अंगात बागकामाचा काटा खुपसलेला. ख्रिस्तोफर शेरलॉक होम्सचा भक्त, तो ठरवतो की खुनी शोधायचा. शोधता शोधता त्याला वेगळंच सापडतं. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकने वारली असं वडिलांनी सांगितलेली आई जिवंत आहे, लंडनला आहे, शेजारच्या मिस्टर शिअर्सबरोबर राहते, आणि तिने लिहिलेली सगळी पत्रं वडिलांनी कपाटात लपवून ठेवली आहेत. आणि कुत्रा मारला तोही वडिलांनीच.

या पुस्तकाची ओळख करून देताना एक वाक्य ठरलेलं असतं. ‘भावना न समजणाऱ्या मुलाची गोष्ट.’ मीही वर्षानुवर्षं वर्गात असंच म्हणत आले. आज या वाक्यालाच हात घालायचा आहे.

सुरुवातीचा प्रसंग बघा. शिवॉन ही त्याची शाळेतली शिक्षिका. ती त्याला कागदावर चेहरे काढून देते. हा दुःखी, हा आनंदी. तेवढे त्याला ओळखता येतात. मग तो आणखी चेहरे काढून मागतो, प्रत्येकाखाली अर्थ लिहून घेतो आणि तो कागद खिशात ठेवतो. कोणी बोलताना कळलं नाही की कागद काढायचा आणि जुळवून बघायचं. पण अडचण अशी की माणसांचे चेहरे भराभर बदलतात, कागद पुरा पडत नाही. हे तो शिवॉनला सांगतो. ती दुसऱ्या कागदावर गोंधळलेला चेहरा काढते, म्हणते की तू असं करतोस तेव्हा समोरच्याला असं वाटत असेल, आणि हसते. ख्रिस्तोफर पहिला कागद फाडून टाकतो.

हे पान मी वर्गात मोठ्याने वाचायचे आणि वर्ग हसायचा. लिहिलंयच तसं. एका वर्षी तास संपल्यावर एक मुलगा थांबला. एरवी तोंड न उघडणारा. म्हणाला, “मॅडम, यात विनोदी काय होतं?” मी सांगायला लागले की बघ, खिशातून तक्ता काढून चेहरा जुळवणं ही कल्पनाच... आणि मध्येच थांबले. तो म्हणाला, “माझ्याकडे कागद नाही. मी पाठ केलंय. कोणी हसलं की हसायचं. आत्ता पण मी हसलो.”

त्या दिवसापासून मी हे पुस्तक वेगळ्या बाजूने वाचते. वाचकाला यात जी मजा येते ती कसली? आपल्याला कळतंय आणि त्याला कळत नाही, याची. शेजारच्या मिसेस अलेक्झांडर मिस्टर शिअर्सबद्दल चाचरत बोलतात, आपण लगेच ओळखतो. वडील उगाच चिडतात, आपण ओळखतो. प्रत्येक पानावर लेखक आपल्याला हळूच एक गुण देतो आणि ख्रिस्तोफरचा एक कापतो. आपण पुस्तक मिटतो तेव्हा वाटतं, किती सहृदय झालो आपण! ती सहृदयता होती की वरचढपणा, हे मात्र तपासायला हवं.

आता थोडं मानसशास्त्राकडे जाऊ, कारण कादंबरी स्वतःच तिकडे जाते. १९८५ साली सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन बाहुल्या, सॅली आणि ॲन. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. ॲन ती काढून डब्यात ठेवते. सॅली परत आली. आता ती गोटी कुठे शोधेल? उत्तर अर्थातच टोपलीत, कारण बदल तिला माहीतच नाही. ऑटिझम असलेल्या २० मुलांपैकी १६ मुलं चुकली. यातून एक मोठा सिद्धांत उभा राहिला की दुसऱ्यालाही मन असतं, त्याची समजूत आपल्याहून वेगळी असू शकते, हे या मुलांना उमगत नाही. कादंबरीत अशीच चाचणी येते. चॉकलेटगोळ्यांची नळी, आत गोळ्यांऐवजी पेन्सिल. नळीत काय आहे असं आईला वाटेल? लहानपणी ख्रिस्तोफर चुकतो. पण लगेच पुढे सांगतो की आता हे अवघड वाटत नाही, कारण ते एक कोडं आहे असं त्याने ठरवलं, आणि कोडं म्हटलं की सोडवता येतं.

बहुतेक समीक्षा तो चुकला इथे थांबते. मला त्याने काय ठरवलं ते मोठं वाटतं. तुम्हीआम्ही दुसऱ्याचं मन आपोआप वाचतो आणि बरेचदा चुकीचं वाचतो, पण आपोआप असल्यामुळे चूक लक्षातही येत नाही. हा मुलगा कष्टाने वाचतो. आणि तपासतो.

आपल्या मराठीत ऑटिझमला शब्द रुळलाय ‘स्वमग्नता’. स्वतःत मग्न. कोणी चांगल्या हेतूनेच केला असेल, पण निकाल आधीच देऊन मोकळा होणारा शब्द आहे. ख्रिस्तोफरला लावून बघा. गल्लीत एक कुत्रा मेला. पोलीस आले, गेले. शेजाऱ्यांनी दारं लावली. वडील म्हणतात, दुसऱ्यांच्या भानगडीत पडू नकोस. त्या अख्ख्या गल्लीत कोणी मारला हा प्रश्न घरोघर जाऊन विचारणारा एकच माणूस आहे, आणि स्वमग्न कोण? तर तो! अनोळखी माणसांशी बोलणं त्याला अतिशय जड जातं, तरी तो दार वाजवतो. त्या रात्री तो काटा उपसून मेलेल्या कुत्र्याला जवळ घेतो. अख्ख्या पुस्तकात वेलिंग्टनसाठी एवढं दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

आणि त्याला भावना सांगता येत नाहीत, हेही खरं नाही. पोलीस भराभर प्रश्न विचारतो तेव्हा काय होतं, याचं त्याने केलेलं वर्णन बघा. त्याचे टेरीकाका पाव बनवण्याच्या कारखान्यात कापायच्या यंत्रावर काम करतात. कधीकधी यंत्राचा वेग कमी पडतो, मागून पाव येतच राहतात आणि तुंबतात. डोक्यात प्रश्नांचं तसं होतं. घाबरलो, गोंधळलो हे शब्द नाहीत. पण गर्दीच्या लोकलमध्ये फोन वाजतोय, मागून कोणी ढकलतंय, स्टेशन आलंय, अशा वेळी तुमच्या डोक्यात काय होतं, ते यापेक्षा नेमकं सांगून बघा.

आईची पत्रं सापडतात तो भाग तर पुस्तकाचा कणा आहे. तो वाचत जातो. एका क्षणी त्याला उलगडतं की आई मेलेली नाही. त्यानंतर तो मला धक्का बसला, मला राग आला असलं काही लिहीत नाही. अंथरुणावर अंगाची जुडी करून पडतो. खोली हलल्यासारखी वाटते. मध्ये किती वेळ गेला कळत नाही. भानावर येतो तेव्हा त्याला उलटी झालेली असते, सगळीकडे. बस्स. आपण मराठी माणसं हे वाचून परकं वाटून घ्यायचं कारण नाही. पोटात गोळा आला, हातपाय गळाले, काळजाचं पाणी झालं, आपली भाषा भावना अशी शरीरातच सांगते. फरक एवढाच की आपण ते म्हणतो, आणि त्याला ते अक्षरशः होतं. त्याच्या मते रूपक म्हणजे खोटं बोलणं. उपमा त्याला चालते, म्हणून पावाचं यंत्र चालतं.

खोट्याचा विषय निघालाच आहे तर वडिलांकडे येऊ. एड बून वाईट माणूस नाही. एकट्याने या मुलाला सांभाळतो, त्याच्या खाण्याच्या तऱ्हा सोसतो. मिठी चालत नाही म्हणून दोघं हाताची बोटं पसरून एकमेकांना टेकवतात, तेच त्यांचं प्रेम. पण बायको सोडून गेली हे मुलाला सांगणं त्याला झेपत नाही, म्हणून तो तिला मारून टाकतो. शब्दांत. आजारी आईसाठी मुलाने केलेलं कार्डही तो नेऊन देतो म्हणून घेतो. आपल्याकडेही मुलांना ‘देवाघरी गेली’ असं सांगतातच, त्यामागे माया असते. पण ख्रिस्तोफरसारखं मूल त्यावर देवाचं घर कुठे आहे असं विचारणार. स्वर्ग नेमका कुठे, यावरून तो पाद्रीबाबांशीही वाद घालतो.

आता चाचणी उलटी लावून बघा. भावना ‘कळणारी’ माणसं या पुस्तकात काय करतात? आई निघून जाते. शेजारी सगळं माहीत असून गप्प राहतात. आणि वडील? मिसेस शिअर्सशी जुळेल अशी त्यांची आशा असते, ते फिसकटतं, आणि त्या रागात ते काटा उचलतात. ज्याला राग म्हणजे काय ते पुरेपूर कळतं, तोच मुक्या जनावराला मारतो.

डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ. २०१२ मध्ये त्यांनी मांडलं की प्रश्न दुहेरी आहे. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही म्हणता, मग इतरांना तरी त्याचं कुठे वाचता येतं? दरी दोघांच्या मध्ये आहे, एकाच्या डोक्यात नाही. कादंबरी याच्या नऊ वर्षं आधीची, पण तिच्यात हे आहे. फक्त आपण हसत होतो म्हणून दिसलं नाही.

म्हणून हे पुस्तक निर्दोष आहे असं समजू नका. गणितात प्रचंड हुशार, विनोद न कळणारा, अंगाला हात लावला की मारणारा, हा साचा या पुस्तकाने जगभर पक्का केला. अनेक ऑटिस्टिक वाचकांनी यावर तक्रार केली आहे आणि ती रास्त आहे. हॅडन यांनी नंतर आपण या विषयाचे तज्ज्ञ नसल्याचं मान्य केलं. लंडनच्या प्रवासातही लेखक मुलाची फजिती जरा जास्तच लांबवतो, असं माझं मत. तिथे ती पुन्हा आपल्या करमणुकीसाठी वापरली जाते.

पण शेवटाकडे एक प्रसंग आहे, त्यासाठी मी बाकी सगळं माफ करते. कुत्रा मारू शकतो तो मलाही मारेल, असं रोखठोक गणित करून मुलगा वडिलांपासून पळालेला. परत आल्यावर त्यांच्याशी बोलायला तयार नाही. तेव्हा एड काय करतो? स्वयंपाकघरातला टायमर लावतो. पाच मिनिटं. तेवढंच बोलणार. आणि सांगतो की तू माझ्यावर परत विश्वास ठेवायला शिकणं हा आपण एक प्रकल्प समजू, कितीही वेळ लागू दे. मग एक कुत्र्याचं पिल्लू देतो. रडारड नाही, बाप आहे मी तुझा वगैरे नाही. पहिल्यांदाच तो मुलाला कळेल अशा भाषेत बोलतो. टायमर वाजला की थांबतो.

कादंबरी ख्रिस्तोफरच्या खात्रीवर संपते. एकटा लंडनला गेलो, खुनी शोधला, पुस्तक लिहिलं, म्हणजे मी काहीही करू शकतो. सायमन स्टीफन्स यांनी २०१२ मध्ये नॅशनल थिएटरसाठी केलेल्या नाट्यरूपांतरात हेच विधान प्रश्न होऊन शिवॉनसमोर येतं. म्हणजे मी काहीही करू शकतो का? तो पुन्हा पुन्हा विचारतो, ती उत्तर देत नाही. कागदावर चेहरे काढणारी तीच शिवॉन. ती गप्प का राहते, यावर तुम्हाला काय वाटतं ते मला ऐकायचं आहे. माईक मागच्या रांगेपासून फिरवा.