एका मृत्यूमागे नऊ जण, पण मोजायचं काय होतं?

कोविड आणि दुःख या विषयावर सिनॉप्सिस लिहायला घेतलीत, की एक पेपर तुम्हाला हमखास भेटेल. अ‍ॅश्टन व्हर्डरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०२० सालचा, 'प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेस'मधला. निष्कर्ष लक्षात ठेवायला सोपा आहे. अमेरिकेत कोविडने एक माणूस गेला, की मागे साधारण नऊ जवळचे नातेवाईक उरतात. म्हणजे ज्यांनी आजी-आजोबा, आई-वडील, भावंड, जोडीदार किंवा मूल गमावलं, असे नऊ जण.

आधी चांगलं काय ते बघू. सगळे मेलेल्यांची संख्या मोजत होते, तेव्हा या लोकांनी मागे राहिलेल्यांकडे लक्ष वळवलं. नात्यांचं संगणकावर सिम्युलेशन केलं आणि कोणती नाती धरली, तेही उघड सांगितलं. त्यामुळेच तर आपल्याला त्यांच्याशी वाद घालता येतो. चांगल्या पेपरची ही खूण असते.

अडचण सुरू होते ती आपण तो आकडा उचलून इथे लावतो तेव्हा. 'महाराष्ट्रात इतके मृत्यू, गुणिले नऊ' असं लिहून मोकळे होतो.

पहिली अडचण नात्यांची. त्या यादीत सासू-सासरे नाहीत, काका-मामा नाहीत. आमच्या किनवटकडे अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं सून करते. या सूत्रात तिने कुणालाच गमावलेलं नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. मोजणी सुरू होते कोविडच्या मृत्यूपासून. पण लॉकडाऊनमध्ये प्रवास बंद झाला तो सगळ्यांचाच. अभिनेते इरफान खान यांच्या आई सईदा बेगम २५ एप्रिल २०२० ला जयपूरला वारल्या. इरफान मुंबईत होते, त्यांना जाता आलं नाही. चारच दिवसांनी, २९ एप्रिलला, ते स्वतःही गेले. दोन्ही मृत्यू कोविडचे नव्हते. म्हणजे सूत्राच्या हिशेबात दोन्ही घरं शून्य.

इथे मी तटस्थ नाही, ते सांगून टाकतो. माझी आई मे २०२० मध्ये किनवटला गेली, हृदयविकाराने. मी पुण्यात होतो, पाचशे किलोमीटरच्या वर. ई-पास, गाडी, वाटेतल्या तपासण्या असं करत तिसऱ्या दिवशी पोहोचलो, तेव्हा रक्षा सावडून झाली होती. पुण्याहून आलेला म्हणून शाळेत चौदा दिवस विलगीकरण. घर तिथून दहा मिनिटांवर. दहावा झाला, तेरावी झाली, मी शाळेतच. धाकटा भाऊ डबा फाटकाशी ठेवायचा आणि लांब उभा राहून बोलायचा.

आता नीट लक्ष द्या. ही गोष्ट पुरावा नाही. 'माझ्यासोबत झालं, म्हणून सूत्र चूक' असं तुम्ही व्हायव्हात म्हणालात, तर बाहेरून आलेले परीक्षक तुम्हाला सोडणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल. स्वतःच्या अनुभवातून प्रश्न मिळतो. उत्तर शोधायला फिल्डवरच जावं लागतं.

शिवाय माझ्या बाजूलाही एक भोक आहे. मराठवाड्यातून दरवर्षी माणसं ऊसतोडीला जातात, फडावर असताना घरी म्हातारं माणूस जातं. निरोप पोहोचेपर्यंत, मुकादमाकडून सुटका होईपर्यंत माती झालेली असते. मग टाळेबंदीने नेमकी कशात भर घातली? हे कळायला २०२० च्या आधी दुरावलेल्यांशीही बोलावं लागेल. नाहीतर गरिबीने केलेलं आपण साथीच्या खात्यावर मांडू.

तेव्हा कुठलंही सूत्र उसनं घेताना तीन गोष्टी विचारा. मोजणी कुठल्या घटनेपासून सुरू होते? 'जवळचा' कोण, हे कुणी ठरवलं? आणि तुलना कुणाशी आहे? व्हर्डरींचा पेपर 'किती जणांनी गमावलं' याचं उत्तर देतो, आणि ते चांगलं देतो. 'कसं गमावलं' हे त्यांनी विचारलंच नव्हतं. ते विचारणं आपलं काम आहे.

आणि एक. प्रश्नावलीचा पहिला खर्डा झाला, की आधी स्वतः भरून बघा. मी माझा भरला. 'अंत्यविधीला हजर होतात का? हो / नाही.' मी 'नाही'वर खूण केली. शाळेतल्या चौदा दिवसांसाठी त्या कागदावर कुठे जागाच नव्हती. तो प्रश्न मी काढला. आता तिथे असं आहे : 'बातमी कळल्यापासून पुढचे दिवस कसे गेले, ते सांगा.' खाली अर्धं पान कोरं सोडलंय.