धूर, अग्नी आणि हिमोग्लोबिन

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. किडनीच्या संशोधनावर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. कुणाला कोणतं औषध द्यावं हे मला कळत नाही. आजचं ऐकून कुणी आपलं इंजेक्शन परस्पर बंद केलं, तर तो माझ्यावर आणि स्वतःवर अन्याय होईल. पण पुरावा समोर ठेवून निष्कर्ष कसा काढला गेला, मधली पायरी कुठे गळली, हे तपासणं हाच माझा जन्मभराचा धंदा. त्या नजरेनं वैद्यकातले शोधनिबंध वाचायला काही हरकत नसावी.

वाचायला लागलो त्याला कारणही घरचंच आहे. माझे थोरले बंधू, आमचे अण्णा, शेवटची सहा वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. महिन्याला रक्ताचा रिपोर्ट यायचा आणि वहिनी त्यातली पहिल्यांदा एकच ओळ बघायच्या, हिमोग्लोबिनची. आकडा साडेनऊ असला की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. अकरा झाला की शिरा व्हायचा. अण्णा शिरा खायचे आणि मला म्हणायचे, "कागदावरचं रक्त वाढलं रे, जिन्याच्या पायऱ्या काही कमी झाल्या नाहीत." तेव्हा मी हसलो होतो. आज मला वाटतं, वीस वर्षांच्या संशोधनावरची ती नेमकी टीका होती.

आधी थोडी पार्श्वभूमी. मूत्रपिंड लघवी तयार करतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरकही मुख्यतः तेच बनवतं आणि ते अस्थिमज्जेला सांगतं, 'तांबड्या पेशी तयार करा'. किडनी निकामी होत गेली की हा निरोप क्षीण होतो आणि रुग्णाला रक्तक्षय होतो. पूर्वी उपाय मुख्यतः एकच, दुसऱ्याचं रक्त चढवणं. त्यात संसर्गाची भीती, शरीरात लोह साचणं, आणि पुढे किडनी बसवायची झाली तर अडचण. १९८५मध्ये या संप्रेरकाचं जनुक वेगळं काढल्याचं प्रसिद्ध झालं, १९८७मध्ये डायलिसिसच्या रुग्णांवर ते कसं काम करतं ते दिसलं, आणि १९८९मध्ये अमेरिकेत इंजेक्शनला परवानगी मिळाली. महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या रक्तावर जगणारी माणसं त्यातून सुटली. हे यश खरं आहे, ते मी कमी लेखत नाही. माझी तक्रार त्याच्या पुढच्या पायरीबद्दल आहे.

ती पायरी अशी. डायलिसिसच्या हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की ज्यांचं हिमोग्लोबिन कमी, ते जास्त आजारी पडतात, त्यांच्या हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, ते लवकर दगावतात. ज्यांचं जास्त, ते टिकतात. मग विचार आला, की हिमोग्लोबिन थेट निरोगी माणसाइतकं करून टाकलं तर? माणसं वाचतीलच. ऐकायला किती सरळ वाटतं, नाही?

इथे मला आपल्या न्यायशास्त्राची आठवण होते. वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवायचो: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान ठीक. आता उलटं करा. डोंगरावर अग्नी आहे, म्हणून तिथे धूर आहे. हे चुकलं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. या न सांगितलेल्या, मधे लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधि' म्हणतात. आजचे संख्याशास्त्रज्ञ 'कन्फाउंडर' म्हणतात ते याच्या फार जवळचं आहे. व्याख्या तंतोतंत जुळवायचा हट्ट मी धरत नाही, त्यावर पंडितांशी वेगळं भांडू. पण रोग एकच आहे: दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक हलवली की दुसरी हलेल असं धरून चालणं.

मग हिमोग्लोबिनच्या बाबतीत ओलं सरपण कोणतं? शरीरात धुमसणारी सूज, जुनाट संसर्ग, कुपोषण. त्यानं हिमोग्लोबिन खाली जातं, इंजेक्शनचा परिणाम कमी होतो आणि आयुष्यही कमी होतं. ज्याच्या अंगात हे नाही, त्याचा आकडा चढतो आणि तो जगतोही. आकड्यानं त्याला जगवलं असं यातून सिद्ध होत नाही.

ही शंका पुस्तकी राहिली नाही. तिची परीक्षा झाली. डायलिसिसवर असलेले आणि हृदयविकारही असलेले अमेरिकेतले १,२३३ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेल्या जागेची टक्केवारी. एका गटात ती ४२पर्यंत, म्हणजे जवळपास निरोगी पातळीवर न्यायची, दुसऱ्यात ३०वर ठेवायची. निकाल १९९८मध्ये छापून आला. 'निरोगी' आकड्याच्या गटात १८३ मृत्यू, कमी आकड्याच्या गटात १५०. हृदयविकाराचे झटके धरले तर २०२ विरुद्ध १६४. डायलिसिससाठी जी रक्तवाहिनी जोडून ठेवतात, तिच्यात गुठळी होण्याचं प्रमाण ३९ टक्के विरुद्ध २९ टक्के. फायदा सिद्ध होण्याची शक्यता उरली नाही, म्हणून चाचणी मधेच थांबवली गेली.

पण माझ्या दृष्टीनं त्या निबंधातली सगळ्यात मोलाची ओळ वेगळीच आहे. दोन्ही गटांत, गटाच्या आतल्या आत पाहिलं तर, ज्यांचा हिमॅटोक्रिट जास्त त्यांच्यात मृत्यू कमी होते! म्हणजे एकाच अभ्यासात दोन्ही गोष्टी खऱ्या. जास्त आकड्याचे लोक जास्त जगत होते, आणि आकडा मुद्दाम वाढवलेल्या गटात मृत्यू कमी झाले नाहीत, उलट जास्त मोजले गेले. उपाधीचं इतकं स्वच्छ उदाहरण मला चाळीस वर्षांच्या अध्यापनात मिळालं नाही. मिळालं असतं तर तो लोखंडाचा गोळा कधीच टाकून दिला असता.

एवढं समोर आल्यावर विषय संपायला हवा होता. तसं झालं नाही. निबंधाचं वाचन वाचणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे झालं. हे रुग्ण फार पुढे गेलेले होते, हृदय आधीच खराब होतं, लवकर सुरुवात केली असती तर... असं म्हणता येतं, तर्काला ते सोडून नाही. पण प्रतिकूल पुरावा आला की त्याची व्याप्ती छोटी करायची आणि अनुकूल आला की मोठी करायची, हा दुजाभाव आहे. त्यात पैशाचाही भाग होता. अमेरिकेतली सरकारी विमा योजना तेव्हा दिलेल्या मात्रेनुसार पैसे देई. जास्त इंजेक्शन, जास्त बिल. २०११मध्ये डायलिसिसचा एकत्रित दर ठरला आणि वापर घटला. पण सगळं पैशावर ढकलून मोकळं व्हायला मी तयार नाही. प्रामाणिक डॉक्टरलाही आकडा सुधारताना पाहून बरं वाटतं. आमच्या वहिनींना कुठल्या कंपनीनं शिरा करायला सांगितलं होतं?

तर 'लवकर सुरुवात' करूनही पाहिलं गेलं. अजून डायलिसिस न लागलेल्या रुग्णांच्या दोन चाचण्या नोव्हेंबर २००६मध्ये एकाच नियतकालिकात, एकाच अंकात आल्या. एकीत १,४३२ लोक होते; हिमोग्लोबिन १३.५ करायचं की ११.३, ही तुलना. मृत्यू, हृदयविकार, पक्षाघात वगैरे मिळून जास्त आकड्याच्या गटात १२५ घटना, कमीच्या गटात ९७. दुसरी ६०३ लोकांची. तिच्यात फायदा दिसला नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं वेष्टनावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला.

आणि मग २००९. मधुमेह, किडनीचा आजार आणि रक्तक्षय, तिन्ही असलेले ४,०३८ लोक. इथे तुलना खऱ्याखुऱ्या प्लासिबोशी, कोणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. हिमोग्लोबिन ९च्या खाली गेलं तरच प्लासिबो गटाला औषध. परिणाम: मृत्यू आणि हृदयाच्या घटनांत लक्षणीय फरक नाही. पक्षाघात मात्र औषधाच्या गटात १०१ जणांना, प्लासिबोच्या गटात ५३ जणांना. जवळपास दुप्पट. रक्त चढवावं लागलेले औषधाच्या गटात कमी, २९७ विरुद्ध ४९६. हाही आकडा लपवू नये, रुग्णाला तो महत्त्वाचा असू शकतो.

थकव्याचं काय? अण्णांच्या जिन्याचं काय? फरक पडला, पण किरकोळ. प्रश्नावलीत औषधाच्या गटाचे गुण सरासरी ४.२नं सुधारले, आणि नुसत्या प्लासिबोच्या गटाचे २.८नं. म्हणजे सुधारणेचा मोठा वाटा औषधाविनाही आला असता. आधीच्या दोन चाचण्यांत कोण कोणत्या गटात हे उघड होतं. त्यांतल्या छोट्या चाचणीत लोकांना जास्त बरं वाटल्याचं नोंदलं गेलं, मोठीत नाही. माझा आकडा वाढवत आहेत हे ज्याला माहीत आहे, त्याला 'कसं वाटतंय?' विचारलं तर तो काय सांगणार? खोटं बोलतो असं नव्हे. त्याला खरंच बरं वाटतं. शिऱ्यानंही वाटतं.

आता टीकाकारांवरही दोन शब्द. आकडा दोषी नसेल तर औषधाची मात्रा दोषी, असा सूर पुढे निघाला. २००६च्या त्या मोठ्या चाचणीच्या नोंदी पुन्हा तपासल्या, तर ज्यांना जास्त मात्रा मिळाली त्यांच्यात घटना जास्त. पटतं लगेच. पण जास्त मात्रा मिळाली कोणाला? ज्यांचा आकडा थोड्या औषधानं वाढेना त्यांना. तो का वाढेना? अंगातली सूज, जुना संसर्ग. आलं ना तेच ओलं सरपण परत! मात्रा घातक नाही असं मी म्हणत नाही, असेलही. पण ज्या तर्कदोषावर टीका केली, त्याच दोषावर बसून नवा आरोप करता येत नाही.

खरं तर मूळ प्रश्न वैद्यकाच्याही अलीकडचा आहे: काय मोजायचं हे ठरवतो कोण? डायलिसिसच्या संशोधनात कोणते परिणाम नेहमी मोजावेत हे ठरवण्यासाठी गेल्या दशकात एक आंतरराष्ट्रीय उपक्रम झाला, त्यात रुग्णांनाही विचारलं गेलं. शेवटी चार गोष्टी ठरल्या: मृत्यू, हृदयविकार, डायलिसिसची रक्तवाहिनी आणि थकवा. प्रवास करता येणं, डायलिसिसविना मिळणारा मोकळा वेळ, यांना रुग्णांनी डॉक्टरांपेक्षा जास्त वजन दिलं होतं. हिमोग्लोबिन त्या चारांत नाही.

आणि आता आपल्याकडे. २०२२मध्ये भारतात डेसिड्युस्टॅट नावाच्या गोळीला परवानगी मिळाली. इंजेक्शन नको, तोंडानं घ्यायची गोळी, शरीराला स्वतःचं एरिथ्रोपोएटिन बनवायला लावणारी. दर खेपेला सुई आणि बर्फाचा डबा सांभाळणाऱ्या माणसाला ही सोय मोठी आहे. तिच्या दोन मुख्य चाचण्या मी वाचल्या, एक डायलिसिसवरच्या ३९२ रुग्णांची, दुसरी डायलिसिस न लागलेल्या ५८८ जणांची. दोन्हींत तुलना जुन्या इंजेक्शनशी, आणि मुख्य निकष, ज्यावर यश-अपयश ठरवायचं तो, हिमोग्लोबिनमध्ये किती वाढ झाली. गोळी इंजेक्शनच्या तोडीस तोड ठरली. काम नीट केलेलं आहे, आक्षेप घ्यावा असं त्यात फारसं नाही. मी फक्त वहीच्या समासात पेन्सिलीनं 'जिना?' असं लिहून ठेवलंय. आता तुमचे प्रश्न घेऊ.