डोळा कॅमेरा नव्हे

‘डोळा म्हणजे कॅमेरा’ ही उपमा आपण वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. भिंगापर्यंत ती चालते. दृष्टिपटलाला फिल्म म्हटले, की फसते.

गोखिवऱ्यातील एका वर्गात आम्ही एकाच राखाडी कागदाचे दोन तुकडे घेतले. एक काळ्या, दुसरा पांढऱ्या कागदावर ठेवला. काळ्यावरचा अधिक उजळ दिसला. “फिल्म अशी फसेल का?” एका मुलीने विचारले. उपमेपाशी याचे उत्तर नव्हते.

उत्तराची सुरुवात दृष्टिपटलातच होते. तेथे प्रकाशग्राही पेशी दहा कोटींच्या आसपास आहेत. मेंदूकडे जाणारे तंतू मात्र सुमारे १० लाख. सगळे चित्र जसेच्या तसे पुढे जाणार कसे? म्हणून निवड होते. आडव्या पेशी आसपासच्या उजेडानुसार प्रकाशग्राही पेशींचा संदेश कमी करतात, द्विध्रुवी पेशी तो गुच्छिका पेशींकडे पोचवतात. १९५३ मध्ये स्टीफन कफलर यांनी मांजराच्या डोळ्यात दाखवले, की गुच्छिका पेशीच्या क्षेत्राचे केंद्र आणि भोवताल परस्परविरुद्ध वागतात. त्यामुळे सर्वत्र सारखा उजेड असला, तर प्रतिसाद क्षीण. फरक असला, तर जोरदार. दृष्टिपटल उजेडापेक्षा उजेडातला फरक कळवते. पुढच्या भागात मेंदूचाही वाटा असतोच.

उपमा सोपी असणे हा दोष नव्हे. तिने मुलांचा प्रश्न मिटवून टाकणे, हा दोष. तेव्हा आकृतीत ‘पडदा’ लिहून थांबू नये. आधी दोन कागद दाखवावेत. उपमा कुठे तुटते, ते मुलांनाच शोधू द्यावे.