स्लोकमचें प्रवासवृत्त

एकट्यानें शिडाच्या होडींतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला दर्यावर्दी जोशुआ स्लोकम याचें १९०० सालीं प्रसिद्ध झालेलें प्रवासवृत्त प्रथम वाचलें, तेव्हां आम्ही निराश झालों होतों. १८९५ ते १८९८ या काळांत सुमारें ३७ फुटी ‘स्प्रे’ होडींतून ४६,००० मैल हिंडलेल्या या पुरुषाचें लेखन इतकें कोरडें कसें, असा प्रश्न आम्हांस पडला होता.

दुसऱ्या वाचनांत चूक आमचीच असल्याचें ध्यानांत आलें. १८९६ च्या मार्चमध्यें मॅगेलनची सामुद्रधुनी ओलांडतांच तुफानानें त्याला केप हॉर्नकडे रेटलें. मोठें शीड फाटून चिंध्या झालें. त्यानें पुढचें लहान शीड आखडून मध्यावर ताणलें, सुकाणू बांधून टाकलें आणि मागें दोन लांब दोर सोडले. त्यांच्या ओढीनें होडी सरळ राहिली व पाठीवर फुटणाऱ्या लाटांचा जोर मोडला. हें सर्व तो जमाखर्चाच्या वहींतल्यासारखें सांगतो. ज्याचे दोन हात हेंच सर्व मनुष्यबळ, त्याला भयाचें वर्णन करण्यास सवड कोठून असणार?

मात्र हृदय नाहीं असें नव्हे. आझोर्स सोडल्यावर तो आजारी पडला, तेव्हां कोलंबसच्या ‘पिंटा’ जहाजावरील नावाडी आपलें सुकाणू धरून होता, असें तो थट्टेनें लिहितो. त्या थट्टेखालीं एकांताची केवढी कळ आहे! उद्गारचिन्हांनीं वादळ उठविणाऱ्या आमच्या प्रवासवर्णनकारांनीं हा संयम अवश्य अभ्यासावा.

पुढें त्याच होडींतून निघालेला स्लोकम परतला नाहीं.