लांडग्याची हाक आणि आपले सबटायटल

कुत्रा पंजाने बटण दाबतो, त्यातून ‘बाहेर’ असा शब्द येतो आणि खाली कमेंट पडते: अरे, हा तर बोलतो! असं रील आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पुढे पाठवलेलं असतं. प्राण्यांना भाषा असते का, हा प्रश्न हल्ली आपल्याकडे असा उत्तर सोबत घेऊनच येतो.

मराठीत या प्रश्नाच्या फार जवळ जाणारी एक कादंबरी आहे, व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’. १९८२ची. तिला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळीवर नवा नर कब्जा करतो, जुन्या नराची पिल्लं मारतो, एवढीच गोष्ट. पण शीर्षक बघा. पिंपळीच्या पारावर ‘सत्तांतर’ म्हटलं, तर लोक आधी निवडणुकीचा निकाल विचारतील. घटना वानरांची, शब्द आपला. कादंबरीची ताकद आणि तिची अडचण, दोन्ही इथेच आहेत. आपल्याला सगळं समजतं, पण त्यातलं किती वानरांचं आणि किती आपलं, हे सांगता येत नाही.

म्हणून अर्थ आणि भाषा वेगळे काढायला हवेत. अर्थ प्राण्यांकडे भरपूर आहे. बारामती-इंदापूरच्या माळरानांवर, कडबनवाडीच्या गवताळ पट्ट्यात लांडगे आहेत. भारतीय लांडग्यांच्या आवाजांवर सौगत साधुखाँ, बिलाल हबीब आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातही ध्वनिमुद्रण केलं. २०१९च्या त्यांच्या अभ्यासात अशा आवाजांचे चार प्रकार वेगळे निघाले. पुढे त्यांनी दाखवलं, की हुंकारण्यावरून एकेक लांडगाही ओळखता येतो. म्हणजे त्या आवाजात ‘मी कोण’ हे आहे.

मग ही भाषा का नाही? कारण भाषेला याहून जास्त करावं लागतं. समोर नसलेल्याबद्दल बोलावं लागतं, मोजक्या तुकड्यांतून कधीच न ऐकलेलं वाक्य घडवावं लागतं. मधमाशी नाचून फुलोऱ्याची दिशा आणि अंतर सांगते. कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३चं नोबेल मिळालं, त्यामागे हेच काम होतं. जपानमधला एक छोटा पक्षी दोन हाका ठरावीक क्रमाने जोडतो आणि क्रम उलटला की ऐकणारे गोंधळतात. म्हणजे भाषेचे सुटे भाग रानात सापडतात. पण मधमाशीला काल फुलं नव्हती हे सांगता येत नाही, आणि उद्या बहुतेक असतील हेही नाही. ‘नाही’, ‘जर’, ‘समजा’ या शब्दांवर आपली अर्धी भाषा उभी आहे. हे सगळं एकत्र फक्त माणसाकडे दिसतं.

तेव्हा माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि त्यात प्राण्यांचा अपमान नाही. उलट ‘तेही आपल्यासारखं बोलतात’ या कौतुकातच गडबड आहे. आपल्यासारखे असतील तरच त्यांना किंमत, असा त्याचा अर्थ होतो.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: हाक. मेंढपाळ कळपाला घालतो ती हाक. तिला व्याकरण नसतं, तरी मेंढी वळते. माणसाकडे भाषा असूनही हाक उरलीच आहे. लांडग्याचं ओरडणं या हाकेच्या जातीचं आहे.

फरक नुसत्या नावाचा नाही. भाषा म्हटलं की आपण भाषांतर करायला बसतो, सबटायटल टाकतो आणि समजलं म्हणून स्क्रोल करतो. हाकेला मात्र ओ लागते. ती द्यायला पलीकडच्या माळावर दुसरा लांडगा लागतो, आणि त्याच्यासाठी माळ शिल्लक लागतो. ऊस, प्लॉट आणि झाडं लावायच्या उत्साहात तो आक्रसत असताना लांडगा काय म्हणतो हे शोधणं सोपं आहे. त्याचं ऐकायला कोणी उरलंय का, हे आधी विचारायला हवं.