ट्रंपेट कोणाचा, हे सांगणारा हवा

मुंबईला जॅझ वाजवणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. 1935 साली लिऑन ॲबीचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, आणि गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन गिरवलेल्या वादकांनी हे संगीत बघता बघता आत्मसात केलं. वाण होती ती सांगणाऱ्याची.

तो कसा असावा, हे अमेरिकन निवेदक विलिस कॉनोव्हरने दाखवून दिलं. जानेवारी 1955 पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर त्याचा जॅझचा तास सुरू झाला. आधी ड्यूक एलिंग्टनची ‘टेक द ए ट्रेन’, मग तो खर्जातला संथ आवाज, एकेक शब्द सुटा. मोडकंतोडकं इंग्रजी कळणाऱ्यालाही समजावं, अशी बेतलेली बोली. व्यासपीठ सरकारी प्रचाराचं. पण कॉनोव्हर नोकरीत न शिरता कंत्राटावर राहिला. त्याची समीक्षा मुख्यतः निवडीत आणि ओळख करून देण्यात होती. 1996 साली तो गेला, तेव्हा जगभर त्याचे चाहते होते आणि मायदेशी तो जवळपास अनोळखी. कारण 1948च्या कायद्याने या केंद्राचे कार्यक्रम अमेरिकेतच ऐकवायला मनाई होती.

आपल्याकडे काय होतं? 1952 ते 1962 नभोवाणी मंत्री असलेल्या बाळकृष्ण केसकरांना चित्रपटसंगीतही खपत नव्हतं, तिथे जॅझची काय कथा! पुढे 1957मध्ये विविध भारती आली. उद्घोषक चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार सांगून मोकळे होत. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त ट्रंपेटवादक चिक चॉकलेट ताफ्यासह पडद्यावर दिसतो, श्रोत्याला मात्र तो ट्रंपेट निनावीच राहिला.

निरंजन झवेरींनी 1952 साली ‘ब्लू ऱ्हिदम’ मासिक काढलं, 1978 साली ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव उभा केला, सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सला मुंबईत आणलं. काम मोठं, पण लेखन सारं इंग्रजीत. मराठी समीक्षा याच काळात भरात होती. केशवराव भोळे गायकीची चिकित्सा करत होते. वामनराव देशपांड्यांची ‘घरंदाज गायकी’ 1961ची. तानेचा उगम शोधणारा हा कान ब्राझ गोन्साल्विसच्या सॅक्सोफोनकडे वळला असता, तर रागाच्या अंगाने केलेला त्याचा विस्तार आपल्याला आपल्याच परिभाषेत उमगला असता. तसं झालं नाही. जॅझ म्हणजे हॉटेलातली करमणूक, हा समज आड आला.

तोटा दक्षिण मुंबईपुरता राहिला नाही. मीरा-भाईंदरच्या टोकाला, उत्तनच्या ख्रिस्ती वस्त्यांत लग्नाला ब्रास बँड लागतो. ट्रंपेट, क्लॅरिनेट, ढोल ही वाद्यं तिथे घरची आहेत. त्या पोरांना चिक चॉकलेटपर्यंत नेणारा मराठी दुवा मात्र नाही. मोबाइलवर गाणी ढीगभर. पडद्यावर नाव बहुधा गायकाचं.

कॉनोव्हरचा आवाज मागून मिळत नाही, पण त्याची शिस्त उचलता येते. आठवड्याला अर्धा तास, एक ध्वनिमुद्रिका, प्रत्येक वादकाचं नाव, आणि तो आपल्या वाट्याच्या चार मात्रांत नेमकं काय करतो याचं सरळ मराठी विवेचन. एवढं केलं तरी समीक्षेची निम्मी थकबाकी फिटेल.