शनी कोणाच्या वस्तीत राहतो?

गेल्या महिन्यात भाचीचा बायोडाटा हातात पडला. एका कोपऱ्यात बुद्ध, दुसऱ्या कोपऱ्यात बाबासाहेब. मधे नाव, शिक्षण, उंची, नोकरी. आणि त्याच्याखाली चार ओळी: रास मिथुन, नक्षत्र आर्द्रा, गण मनुष्य, नाडी आद्य.

अक्काला म्हटलं, हे काय गं?

"पोराकडच्यांनी मागितलंय. नाही दिलं तर म्हणतील, काहीतरी लपवतात."

"पोराकडचे कोण?"

"आपलेच की. जयभीमवाले. पोराचा बाप दरवर्षी दीक्षाभूमीला जातो."

या अंकासाठी मी एका कवितासंग्रहावर लिहिणार होतो. तो राहिला. कवीनं माफ करावं. त्याऐवजी सहाव्या शतकातल्या एका पुस्तकावर लिहितो. ते पुस्तक आपल्या पोरींच्या बायोडाट्यात घुसलंय. पुस्तक वराहमिहिराचं, नाव 'बृहज्जातक'. जन्मपत्रिका सांगणाऱ्यांचा हा मोठा आधारग्रंथ.

आपण कार्यकर्ते ज्योतिषाला अंधश्रद्धा म्हणतो आणि मोकळे होतो. पोपटवाल्याची टिंगल करतो, हात बघणाऱ्याची नक्कल करतो. ग्रंथ मात्र उघडत नाही. दोस्तहो, तो उघडला की टिंगल घशात अडकते.

दुसरा अध्याय घ्या. त्यात ग्रहांना जाती वाटून दिल्यात. गुरू आणि शुक्र ब्राह्मणांचे. रवी आणि मंगळ क्षत्रियांचे. चंद्र वैश्यांचा, बुध शूद्रांचा. आणि शनी? शनी अंत्यजांचा. म्हणजे तुमचा माझा. पुढं ग्रहांच्या जागा दिल्यात. रवीला देऊळ. चंद्राला पाणी. गुरूला खजिना. शुक्राला शेजघर. शनीला उकिरडा. मग कपडे. कुणाला नवं, कुणाला टिकाऊ, शनीला फाटकं. मग अंगलट. शनी आळशी, उभट, हडकुळा, मोठ्या दातांचा, राठ केसांचा.

हे वाचताना मी चपापलो. हा आभाळातला ग्रह नव्हे, हा वेशीबाहेरचा माणूस आहे. मनूच्या दहाव्या अध्यायात चांडाळाला काय दिलंय ते आठवा. गावाबाहेर वस्ती, फुटकी भांडी, मढ्यावरचे कपडे, लोखंडाचे दागिने. तोच माणूस उचलून वराहमिहिरानं आभाळात टांगला आणि म्हणाला, ह्याला भ्या.

दुर्बिणीतून एकदा तरी खरा शनी बघा. कडी घातलेला, सगळ्यात देखणा ग्रह. त्याच्या अंगावर कुठं फाटकं नेसण दिसत नाही. फाटकं नेसण आपल्या आजीच्या अंगावर होतं आणि ते कुणी नेसवलं ते आपल्याला ठाऊक आहे.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली. हा दिवस आपण पाळतो, भाषणं करतो. पण त्याच मनूची ही आभाळातली नक्कल भिंतीवरच्या कॅलेंडराच्या मागच्या पानावर राशिभविष्य म्हणून लटकलेली असते, आणि भाषण करून घरी आलेला माणूस चहा पिता पिता ते पान उलटतो. मीही उलटलंय. खोटं कशाला बोलू.

आता ह्याला 'वैदिक' म्हणतात त्या थापेबद्दल. वेदांगज्योतिषात बारा राशी नाहीत, जन्मपत्रिका नाही. तिथं आहे तो यज्ञाच्या वेळा ठरवायचा हिशोब. वराहमिहिर मेष राशीला 'क्रिय' म्हणतो, वृषभाला 'ताबुरि'. हे शब्द ग्रीकांचे. 'होरा'ही त्यांचाच. माणूस प्रामाणिक होता, ते कबूल केलं पाहिजे. 'बृहत्संहिते'त तो सांगतो की यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलंय, म्हणून त्यांना ऋषींसारखा मान मिळतो. बघा, परमुलखातल्या म्लेच्छाला ऋषीचा मान आणि घरच्या अंत्यजाला उकिरडा. त्याच उसन्या मालावर वैदिक छाप मारून २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यापीठांतून ज्योतिषाचे वर्ग काढायचं ठरवलं. त्याविरुद्धचं अपील सुप्रीम कोर्टानं २००४ साली फेटाळलं. २०२१ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठानं ज्योतिषात एम.ए. सुरू केलं. आपली पोरं स्कॉलरशिपसाठी खेटे घालतात आणि तिकडं शनीच्या पदव्या वाटल्या जातात.

भाचीच्या बायोडाट्याकडं परत येऊ. पत्रिका जुळवतात ती ३६ गुणांची. नाडीला ८, भकुटाला ७, असं उतरत उतरत शेवटी १ गुण उरतो तो 'वर्णा'चा. हा एक गुण नीट बघा, सगळ्या छत्तिसांचं मूळ त्यात आहे. कर्क, वृश्चिक, मीन ह्या राशी ब्राह्मण. मेष, सिंह, धनू क्षत्रिय. वृषभ, कन्या, मकर वैश्य. मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. नियम असा की नवऱ्याचा वर्ण बायकोच्या बरोबरीचा किंवा वरचा पाहिजे. तो खालचा असला की शून्य. पोरगी मीन राशीची आणि पोरगा मिथुनेचा असला तर गुण नाही, कारण ते प्रतिलोम! प्रतिलोम लग्नाला मनूनं जी शिक्षा ठेवली तिचा हा उरलासुरला तुकडा. तो संगणकात घातलाय, मोबाइलच्या ॲपात घातलाय, बटण दाबलं की मिळतो. जात विचारत नाही, नुसती जन्मवेळ विचारतो.

भाचीला हा एक गुण कुठल्याही पोराबरोबर मिळणार. का? कारण मिथुन रास शूद्र. ती सगळ्यात खाली, म्हणून कोणीही तिच्यापेक्षा वरचा किंवा बरोबरीचाच. आमच्या अक्काला ह्याचं बरं वाटलं होतं. "एक गुण तर पक्का आहे," म्हणाली.

साडेसातीचा हिशोब तर शाळकरी पोरालाही जमावा. शनीला सूर्याभोवती एक फेरा मारायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात. एका राशीत अडीच वर्षं. तुमच्या राशीच्या मागची, तुमची आणि पुढची, अशा तीन राशी म्हणजे साडेसाती. म्हणजे कुठल्याही क्षणी बारापैकी तीन राशींना साडेसाती चालूच. चार माणसांत एक. साठी ओलांडलेल्या माणसाला ती दोनदा तरी चाटून गेलेली. एवढ्या रुंद जाळ्यात कोण सापडणार नाही? नोकरी गेली, साडेसाती. म्हैस मेली, साडेसाती. मंगळाचंही तेच. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या, बाराव्या घरात मंगळ असला की पोरगी मंगळी. बारा घरांतली पाच घरं बाद. शंभरातल्या चाळीस पोरींना खोट काढायची सोय आधीच करून ठेवलेली.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. एका रांगेतली घरं जळाली. त्या घरांत म्हातारी होती, शाळकरी पोर होतं, पाळण्यातलं मूल होतं. राशी बाराच्या बारा असतील. सारखा होता तो पत्ता. कुठल्या पंचांगात हे लिहिलं होतं, ते कुणीतरी दाखवावं. आणि जाता जाता, ज्या संक्रांतीला लोक 'संक्रांत आली' म्हणून नावं ठेवतात, त्याच दिवशी, १४ जानेवारी १९९४ ला, विद्यापीठाच्या पाटीवर बाबासाहेबांचं नाव लागलं.

या विषयावर आपल्याकडं एक पुस्तक आहे आणि आपणच ते वाचत नाही. जोतीरावांचं 'तृतीय रत्न', १८५५ चं नाटक. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं, त्यांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही, छापून यायला १९७९ साल उजाडलं. गोष्ट साधी. गरोदर कुणबी बाई, नवरा घरात नाही, जोशी दारात येतो. ग्रहांची भीती घालतो. पुढं कर्ज, ब्राह्मणभोजन, सगळं ओघानं. नाटक म्हणून त्यात दोष आहेत. पाद्री फार बोलतो, त्याच्या तोंडी उपदेश जड होतो. पण विदूषक! तो मधे मधे तोंड घालून जोश्याचा एकेक डाव उघडा पाडतो. हा जोशी आभाळ वाचत नाही, बाईची भीती वाचतो. जोतीरावांना हे पावणेदोनशे वर्षांपूर्वी दिसलं. शेवटी नवराबायको रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात. एक फरक मात्र नोंदला पाहिजे. त्या जोश्याला निदान चालत दारात यावं लागे. आज आपण पैसे भरून त्याच्याकडं जातो.

कुणी म्हणेल, ज्योतिष तपासून तरी पाहिलंय का? पाहिलंय. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ही चाचणी घेतली, निष्कर्ष २००९ साली छापले. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका. त्यातल्या चाळीस-चाळीस ज्योतिष्यांना दिल्या आणि ओळखा म्हणाले. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी बरोबर उत्तरं ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर याहून बरं जमलं असतं. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण त्यात ज्योतिषाला हात लावलेला नाही.

आपले काही कार्यकर्ते म्हणतात, जाऊ द्या, लोकांना मानसिक आधार मिळतो. मला हा युक्तिवाद सगळ्यात घातक वाटतो. वराहमिहिर ग्रंथाच्या सुरुवातीलाच सांगतो की हे शास्त्र मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ उघड करतं. म्हणजे पत्रिका पुढं केली की सही झाली: मी महारवाड्यात जन्मलो तो मागच्या जन्मीच्या पापानं. आधार कसला, हा कबुलीजबाब आहे. मागच्या जन्माच्या कर्माचा हाच सिद्धांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये खोडून काढला. दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, ग्रहनक्षत्रं आणि मुहूर्त सांगून पोट भरण्याला हीन विद्या म्हटलंय. विहारात वंदना म्हणून परस्पर ज्योतिष्याकडं जाणाऱ्यांनी ते सुत्त एकदा चाळावं.

मी हे सगळं अक्काला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपल्या दादांची जन्मतारीख कोणती?" दादा म्हणजे आमचे वडील. शाळेच्या दाखल्यावर १ जून. गुरुजींनी टाकलेली. आमच्या वस्तीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची १ जूनच. आजी सांगायची, सुगी चालू होती, मी कणसं खुडत होते तेव्हा पोटात दुखू लागलं. १ जूनला कसली आलीय सुगी? ह्या माणसाची पत्रिका कोण मांडणार होता? आणि त्यानं पत्रिकेवाचून लग्न केलं, पाच पोरं शिकवली.

अक्का हसली. मग बायोडाटा परत टाइप करायला दिला. रास, नक्षत्र, गण, नाडी गेली. भाचीनं त्या जागी स्वतः एक ओळ घातली: पत्रिका पाहणाऱ्यांनी संपर्क करू नये. त्यावर अक्का दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. पोराकडून अजून फोन आलेला नाही.